पोहे वगळून चिवडा

नवरात्र संपलं की पुण्यातल्या फरसाणच्या दुकानांत नेहमीच्या बरण्यांच्या पुढे आणखी एक मांडणी उभी राहते. पातळ पोह्यांचा चिवडा, मक्याचा चिवडा, शेव, भाजणीची चकली, बाकरवडी हे सगळं आपापल्या जागी असतंच. पण आता त्यांच्या शेजारी हिरव्या अक्षरांत ‘डाएट’ असं लिहिलेली पाकिटं येतात. डाएट चिवडा, डाएट भडंग, भाजलेल्या ज्वारीच्या लाह्या, नाचणीच्या चकत्या, भट्टीत भाजलेली चकली. ‘काका, आमच्याकडे ह्यांना शुगर आहे, ह्यांच्यासाठी काय आहे?’ असं कुणी विचारलं की काकांचा हात न बघता त्या हिरव्या पाकिटांकडे जातो.

ते पाकीट उलटं करावं आणि मागचा तक्ता वाचावा. तेलाचा आकडा खरोखरच कमी असतो, त्यात फसवणूक नाही. पण त्याच्या वर किंवा खाली कर्बोदकांची ओळ असते आणि तिथे १०० ग्रॅममागे सत्तरच्या आसपासचा आकडा दिसतो. तळलेल्या चिवड्यापेक्षा जास्त. ह्यात गूढ काही नाही, हा साधा हिशेब आहे. पोहे आणि चुरमुरे ह्यांच्यात वजनाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश कर्बोदकंच असतात. चिवड्यातून तेल, दाणे आणि खोबरं काढून टाकलं की मोकळी झालेली जागा पोहेच भरून काढतात. घरच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यात वरून पिठीसाखर पडते ती निराळीच.

म्हणजे ‘डाएट’चं हे कपाट मुळात दुसऱ्याच माणसासाठी लावलेलं आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टरांकडून घरी येणारी भीती कोलेस्टेरॉलची होती. तूप बंद, खोबरं बंद, दाणे बंद, तळण बंद. त्या भीतीवरचा उपाय म्हणून भाजका चिवडा जन्माला आला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला द्यायचा तो खाऊ पुढे मधुमेहाच्या रुग्णाच्या हातात गेला. पाकिटावरचा शब्द तोच राहिला, खाणाऱ्याचा आजार बदलला.

आजार किती बदलला, ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ ह्या देशव्यापी पाहणीत दिसतं. तिचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले: देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ह्याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी साधारण ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, हा त्यातला आकडा बराच छापून आला. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्यांचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांना दिला, तेव्हा मात्र तो कमी दिसला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून नाचणीच्या चकत्या आणि ज्वारीचे पफ ज्या उत्साहाने विकले जातात, त्यावर हे वाक्य चिकटवून ठेवावं असं वाटतं. नाचणी उत्तम धान्य आहे, तिच्यातलं कॅल्शियम खरंच वाखाणण्यासारखं. पण तिची चकती करून तळली किंवा भाजली तरी ती पिठाचीच चकती.

‘पण मी कुठे जाड आहे?’ ह्या प्रश्नाचं उत्तरही पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२. दिसायला सडपातळ, आतून नाही. बारीक चणीच्या मराठी माणसाला चाळिशीत मधुमेहाचा रिपोर्ट बघून जो धक्का बसतो, त्याचं बरंचसं स्पष्टीकरण त्या एका फोटोत आहे.

आता जेवणातला भात अर्धा करणं एक वेळ जमतं. पोळ्या दोनवर येतात, साखर चहातून जाते. अडतं ते संध्याकाळी पाचला. ऑफिसातून आल्यावर, चहाच्या कपाबरोबर, दाताखाली काहीतरी कडकडलं पाहिजे असं वाटतं आणि तिथे सगळे संकल्प डब्याच्या झाकणापाशी थांबतात. महाराष्ट्रात ह्यावर दोन टोकांची मतं प्रसिद्ध आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी राहिलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांची पद्धत म्हणते, दोनदा जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नको. म्हणजे पाच वाजताचा प्रश्नच रद्द. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात, घरचा फराळ न घाबरता खा. काही वर्षांपूर्वी ह्या दोन बाजूंवरून घराघरांत वाद झाले. ज्याला दोनदाच खाऊन राहवतं त्याने रहावं. पण ज्याला पाच वाजता काहीतरी कुरकुरीत हवंच आहे आणि साखरही वाढू द्यायची नाही, त्याला दोन्हीकडून थेट उत्तर मिळत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी कुरकुरीतपणा म्हणजे काय ते पाहू, कारण तिथेच वाट सापडते. चकलीचं पीठ आपण उकळत्या पाण्यात भिजवतो. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, सोऱ्यातून धार तुटत नाही. तेलात पडल्यावर आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. जिथून ते जातं तिथे बारीक पोकळ्या राहतात आणि भोवतीचा स्टार्च गार होताना काचेसारख्या ठिसूळ अवस्थेत जातो. दातांखाली फुटतात त्या ह्या पोकळ्यांच्या भिंती. मोहन कमी पडलं तर भिंती जाड होतात आणि चकली कडक लागते, जास्त झालं तर ती तेलातच सुटते. डबा उघडा राहिला की हवेतलं पाणी त्या भिंतींत शिरतं, काच मऊ होते आणि चकली सादळते.

आवाजाचाही त्यात मोठा वाटा आहे. ऑक्सफर्डच्या मासिमिलिआनो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स ह्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे वेफर चावायला दिले आणि चावण्याचा आवाज यंत्रातून बदलून त्यांच्याच कानांत परत सोडला. आवाज वाढवला, त्यातले तीव्र स्वर चढवले की तोच वेफर लोकांना जास्त ताजा आणि कुरकुरीत वाटायचा. ह्या कामाला २००८ मध्ये इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. विचार करण्यासारखं आहे खरंच: आपल्याला जे हवंय त्याचा बराच भाग कानांना हवा आहे, आणि कानांना स्टार्चशी काही देणंघेणं नाही.

कारण कोरडेपणाने काहीही फुटतं. कच्च्या शेंगदाण्यात पाच-सहा टक्के पाणी असतं. भाजून ते एक-दोन टक्क्यांवर आलं की दाणा कडकड वाजतो. त्यात सत्तर टक्के कर्बोदकं असावी लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत शेंगदाण्याची कर्बोदकं १०० ग्रॅममागे सतरा-अठराच्या आसपास आहेत, प्रथिनं जवळपास २४ आणि तेल ४०. वाळवलेली मिरची, तळलेला कढीलिंब, भाजलेलं सुकं खोबरं, उन्हात खडखडीत झालेला बोंबील, सगळ्यांचं तत्त्व तेच. काकडी आणि मुळ्याचा करकरीतपणा मात्र ह्याच्या बरोबर उलट, पेशींत ठासून भरलेल्या पाण्याचा. म्हणूनच ‘भूक लागली तर गाजर खा’ हा सल्ला कागदावर बिनचूक असतो आणि पाच वाजता कुणी पाळत नाही. काकडी चोचवून तिच्यात भरपूर दाण्याचं कूट, मिरची आणि तुपाची फोडणी घातली तर गोष्ट वेगळी. पण त्याला खमंग काकडी म्हणतात आणि ती आपल्याला कुणी आहारतज्ज्ञाने शिकवलेली नाही.

सध्या ह्या बाजारातला राजा आहे मखाणा. मिथिलेच्या मखाण्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या अर्थसंकल्पात बिहारसाठी मखाणा मंडळाची घोषणा झाली आणि आता मराठी घरांतही तुपावर परतलेले मखाणे वाटीत येतात, बहुधा ‘कार्ब नसतात त्यात’ ह्या खात्रीने. असतात. १०० ग्रॅममागे पंचाहत्तरच्या वर, म्हणजे पोह्यांच्याच पंक्तीत. प्रथिनं दहाच्या आत आणि स्निग्ध जवळजवळ शून्य. कमळासारख्या एका पाणवनस्पतीचं ते लाहीसारखं फुललेलं बी आहे आणि लाही ही लाहीच. मखाण्याच्या बाजूने एकच गोष्ट बोलता येते, तो फार हलका असतो. ओंजळभर मखाण्याचं वजन दहा-बारा ग्रॅमच भरतं, त्यामुळे तेवढ्यावर थांबणाऱ्याच्या पोटात आठ-नऊ ग्रॅम कर्बोदकं जातात. थांबणारे असतात का, हे ज्याने त्याने आपापल्या वाटीकडे बघून ठरवावं.

फुटाण्यांचं प्रकरण मधलं आहे. हरभऱ्यात कर्बोदकं निम्म्याच्या आसपास, पण ती हळूहळू पचतात आणि सोबत प्रथिनं व चोथा असतो. चुरमुऱ्यांइतक्या वेगाने साखर चढत नाही. मूठभर फुटाणे सालासकट खायला कुणी हरकत घेऊ नये. फक्त त्यांना लो-कार्ब म्हणू नये. उडदाचा पापडही असाच मधला. तो भाजला काय आणि तळला काय, कर्बोदकं त्याच्यात साठच्या घरात, पण एक पापड दहा-बारा ग्रॅमचा असतो. जेवणात एक चालून जातो. साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस ह्यांच्याबद्दल बोलायलाच नको. उपवासाचा पदार्थ हलका असतो ही समजूत मराठी माणसाला फार महागात पडलेली आहे.

मग खरोखर चालतं काय? ह्याचं उत्तर फरसाणच्या दुकानात शोधण्यापेक्षा जेवणाच्या पानात, मिठाशेजारी शोधावं. आपल्या पानाची डावी बाजू कर्बोदकांची कधीच नव्हती. कारल्याच्या काचऱ्या घ्या. कारली पातळ चिरायची, मीठ चोळून पाणी पिळून काढायचं आणि लोखंडी तव्यावर थोड्या तेलात, झाकण न ठेवता, मंद आंचेवर अर्धा तास सोडून द्यायची. पीठ नाही, रवा नाही, आणि बऱ्याच घरांत पडतो तो गूळही नाही. शेवटी तिखट, आमचूर. कडू लागतात, पण वेफरांसारख्या मोडतात. भेंडीचंही तसंच: उभ्या बारीक चिरून, अजिबात ओली न ठेवता तळली तर तिला बेसनाचं आवरण लागत नाही. मीठ मात्र तळल्यावर घालायचं, आधी घातलं की पाणी सुटतं आणि मेहनत वाया जाते. दोडक्याच्या शिरा आपण टाकतो किंवा त्यांची चटणी करतो. तीळ आणि सुकं खोबरं घालून खडखडीत परतलेली ती चटणी नुसती चमच्याने खाण्यासारखी असते. ताकात मुरवून वाळवलेली सांडगी मिरची, वाळवून तळलेली गवार. उन्हाळ्यातल्या वाळवणात कुरडया-पापडांच्या गर्दीत ही दोन-तीन माणसं कोपऱ्यात उभी होती, त्यांना पुढे बोलवायचं एवढंच.

जवसाचाही विचार करावा. जवसाच्या तक्त्यात कर्बोदकं तीसच्या जवळ दिसतील, पण त्यातला बहुतेक सगळा भाग चोथा आहे, तो साखर होऊन रक्तात येत नाही. जवस आणि तीळ एकत्र थोड्या पाण्यात तासभर भिजवले की जवसाला चिकट गर सुटतो. त्यात मीठ, जिरं, तिखट घालून ते ताटलीत कागदाइतकं पातळ पसरायचं आणि ओव्हनमध्ये मंद आंचेवर पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचं. पीठ अजिबात न घालता कडक पापडी मिळते. दह्याबरोबर, ठेच्याबरोबर उत्तम लागते. ही एकच नवी गोष्ट मला जुन्यांच्या तोडीची वाटली.

मासे खाणाऱ्यांची तर चैनच आहे. वसई-पालघरकडे, वेसावे-उत्तनला बोंबील वलांडीवर वाळतात. चांगल्या सुक्या बोंबलात कर्बोदकं नावालाच आणि प्रथिनं वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत. तो निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजून तुकडे केला, वर लिंबू आणि चिरलेला कांदा टाकला की कुठल्याही पाकिटातल्या खाऊला त्याच्यासमोर बसता येणार नाही. गोव्यातलं सुक्या सुंगटांचं किसमूर घ्या: कोलंबी कुरकुरीत भाजायची, ओलं खोबरं, कांदा, सोलं, मिरची कालवायची आणि ती मऊ पडायच्या आत खायची. अडचण वासाची, म्हणजे शेजाऱ्यांची. दुसरी अडचण मिठाची. रक्तदाब असलेल्याने बोंबील आधी धुऊन, पुन्हा वाळवून घ्यावा आणि हातही आवरावा.

इथे नकलांबद्दल थोडं. बदामाच्या पिठाची चकली, सोयाबीनच्या पिठाची शेव, इसबगोल घालून केलेली शंकरपाळी असे प्रकार हल्ली पुष्कळ घरांत होतात, माझ्याही घरात झाले. बदामाच्या पिठात फुगायला स्टार्च नाही आणि तेल मात्र आधीच भरपूर, त्यामुळे कढईत चकली बिघडलेल्या अनारशासारखी हसते. इसबगोलाने ती बांधली जाते खरी, पण इसबगोलाचा धर्मच पाणी धरून ठेवण्याचा. गरम असताना कुरकुरीत, दुसऱ्या दिवशी चामट. सोयाबीनच्या पिठाची शेव पडते, खाल्ल्यावर मागे एक कडवट चव रेंगाळते. आणि हे सगळं जमवलं तरी खाणारा पहिल्या घासाला म्हणतोच, ‘चकलीसारखी नाही लागत.’ बरोबरच आहे. चकली ही तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, उडीद डाळ एक वाटी ह्या हिशेबातून आलेली आहे. तांदूळ काढला की ती दुसरंच काहीतरी असणार. चकली खावीशी वाटली तर भाजणीची एक खरी चकली खावी, जेवणानंतर लगेच, आणि त्या जेवणातून तेवढा भात कमी करावा. प्रोसेस्ड चीजची चकती कागदावर ठेवून मायक्रोवेव्हमध्ये फुलवली की कडक बिस्किटासारखी होते, तीही मला आवडते. कारण ती कुणाची नक्कल करायला जात नाही.

पण दिवाळीत डब्यात चिवडा हवा. त्याला मात्र सरळ वाट आहे, आणि ती लहान मुलांना आधीपासून ठाऊक असते: ती डब्यातून दाणे, खोबरं आणि काजू वेचून घेतात आणि पोहे मोठ्यांसाठी ठेवतात. त्या वेचलेल्याचाच चिवडा करायचा. कच्चे शेंगदाणे थोड्या तेलात मंद आंचेवर तडतडेपर्यंत परतावेत. मग बदामाचे काप, भोपळ्याच्या बिया, भाजलेले सोयाबीन. काजू हात राखून, कारण त्यात शेंगदाण्याहून बरीच जास्त कर्बोदकं असतात. डाळं घातलंच तर मूठभर. खोबऱ्याचे काप सगळ्यांत शेवटी, ते डोळ्यांदेखत करपतात. हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि लसूण तेलात अगदी कडक होऊ द्यावे आणि कढीलिंब नेहमीच्या दसपट घ्यावा. मी अतिशयोक्ती करत नाही. पोहे गेल्यावर चिवड्याचं आकारमान जातं, ते भरून काढायला कढीलिंबाइतकं स्वस्त आणि निर्धोक दुसरं काही नाही.

खरी अडचण मसाल्याची येते. पोह्यांच्या अंगाला हळद, मीठ, तिखट धरतं. दाण्यांच्या गुळगुळीत अंगावरून ते घसरून तळाशी बसतं. त्यासाठी सुक्या खोबऱ्याचा थोडा कीस वेगळा भाजून, मीठ, धणे, बडीशेप, आमचूर आणि तीळ ह्यांच्याबरोबर भरडून घ्यावा आणि चिवडा कोमट असतानाच कालवावा. खोबऱ्याच्या तेलाने तो सगळ्याला चिकटतो. पिठीसाखर नाही. गोडसर छटा हवी तर बडीशेप थोडी वाढवावी.

हा चिवडा लो-कार्ब आहे, कमी उष्मांकांचा नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. पोह्यांचा चिवडा खातो त्या वाटीने हा खाल्ला तर साखर जागेवर राहील आणि वजन वाढेल. ३० ग्रॅम म्हणजे लहान मूठभर, पाच-सहा ग्रॅम कर्बोदकं; तेवढ्याच वजनाच्या पोह्यांच्या चिवड्यात ती पंधरा-सतरा असतात. हात थांबत नसेल त्याने चिवड्याऐवजी भाजलेल्या शेंगा आणाव्यात. टरफल फोडून खाताना आपोआप वेळ लागतो. खवट किंवा बुरशीचा वास आलेले, काळे पडलेले दाणे मात्र निर्दयपणे फेकावेत. अफ्लाटॉक्सिन हे त्या बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी दाणे, सोयाबीन, सुके मासे असं काहीही वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदकं एकदम कमी करू नयेत, गोळीचं माप आधी बदलून घ्यावं लागतं. नाहीतर घाम, थरथर, चक्कर, आणि मग घाईघाईने तोंडात साखरच कोंबावी लागते.

राहिला खर्च. बदाम आणि भोपळ्याच्या बियांमुळे हा डबा पोह्यांच्या चिवड्याच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि दुकानदार तो करून ठेवत नाहीत त्याचं हेही एक कारण असणार. पोह्यांवर मिळतो तो नफा दाण्यांवर मिळत नाही. पण बदाम वगळले तरी चवीत फारसं बिघडत नाही. दाणे, खोबरं, तीळ आणि कढीलिंब एवढ्यावर तो उभा राहतो. बरणी लहान घ्यावी, एकदम भरपूर करू नये. हा चिवडा पोह्यांसारखा पटकन सादळत नाही, पण दाण्यांचं आणि खोबऱ्याचं तेल पंधरा-वीस दिवसांत खवट होऊ लागतं, तेव्हा तुळशीच्या लग्नापर्यंत डबा रिकामा झालेला बरा.